मिसल कोणीच वाचली नाही

११ फेब्रुवारी २०१९ या तारखेचा लघवीच्या तपासणीचा एक कागद अद्याप माझ्या दप्तरात आहे. त्यावर ‘प्रथिने’ या शब्दासमोर दोन अधिकचिन्हे स्पष्ट छापलेली असून, तो नजरेखालून गेल्याची खूण म्हणून डाव्या कोपऱ्यात आमच्या जिल्ह्यातील एका नामांकित डॉक्टरांची आद्याक्षरी सही आहे. माझ्या मुलीच्या मूत्रपिंडांना इजा होऊ लागली असल्याचा तो पहिला लेखी पुरावा होता. परंतु त्या दिवशी डॉक्टरांचे सारे चित्त छातीच्या क्ष-किरण चित्रात गुंतलेले असल्यामुळे त्यांनी कागद हाती घेतला, सही केली आणि इतर कागदांखाली सारून दिला. पुढे चार महिने तो तसाच पडून राहिला. तहसील कचेरीत तेहतीस वर्षे चाकरी करून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो; सही म्हणजे जबाबदारी, हा धडा मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मिळाला होता, आणि म्हणूनच त्या सहीचा सल इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही.

हकीकत अशी. २०१८ च्या जुलैत शाळा नुकत्याच भरल्या होत्या. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय सत्तावीस. सकाळी उठल्यावर तिच्या बोटांची पेरे आखडलेली असत, फळ्यावर खडू चालेना, आणि पाण्याचा तांब्या उचलावयाचा तर ती दोन्ही हात लावी. गावातील डॉक्टरांनी ‘चिकुनगुन्या होऊन गेला असेल, त्याची सांधेदुखी रेंगाळते’ असे सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्या तिने पुढे सात महिने घेतल्या. दिवाळीनंतर टाळूला व्रण झाले. ते दुखत नव्हते, हे विशेष. आणि दंतवैद्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर त्यांची बोळवण केली. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी रक्त कमी असल्याचे सांगून लोहाचे औषध लिहून दिले. जानेवारीत रोज तिन्हीसांजेला ताप चढू लागला, दीर्घ श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली, आणि फुप्फुसाभोवती पाणी झाल्याचे चित्रात दिसले. त्या पाण्यापायीच आम्ही वर सांगितलेल्या नामांकित डॉक्टरांच्या दारात रुजू झालो.

त्यांनी क्षयाचे औषध सुरू केले. आपल्या देशात तरुण माणसाच्या छातीत पाणी झाले असता पहिला संशय क्षयाचा घ्यावा, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु थुंकीच्या तपासणीत काही निघाले नसता, छातीतील पाणी काढून तपासण्याची तजवीज केली नसता, केवळ संशयावर सहा महिन्यांचा हुकूम सोडावा आणि त्या हुकुमाची पुन्हा खातरजमा करण्याची गरजही वाटू नये, हे मला मान्य नाही. मी त्यांना विचारले होते. माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. “डॉक्टरसाहेब, हातांची पेरे, तोंडातले व्रण, केस आणि आता हे पाणी, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल का?” त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, “काका, तुम्ही फार विचार करता. मुलीचं लग्नाचं वय झालंय. लग्न उरकून टाका, निम्मी दुखणी आपोआप जातील.”

हे वाक्य तिच्यासमोर उच्चारले गेले. ती खाली मान घालून बसली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने मला विचारले, “अण्णा, मी दुखण्याचं सोंग करते, असं तुम्हालाही वाटतं का?” या प्रश्नाचे उत्तर मी तत्काळ दिले, पण तो प्रश्न तिला विचारावा लागला, याची भरपाई कोणत्याही उत्तराने होत नाही.

एप्रिलमध्ये लोकसभा निवडणुकीच्या कामावर तिची नेमणूक झाली. सोलापूरकडचे ऊन कसे असते ते मी सांगावयास नको. मतदान आटोपून ती परतली तेव्हा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पंख पसरलेल्या पाखरासारखा तांबडा पट्टा उमटला होता. ‘उन्हाची ॲलर्जी’ असे त्याचे निदान होऊन एक मलम आले. त्याच सुमारास एका आप्ताने कोठूनशी आणलेली, ना नाव ना घटकांची यादी असलेली पांढऱ्या भुकटीची पुडी दिली. त्या भुकटीने चार दिवसांत सांधे मोकळे झाले, आणि पुडी संपताच दुखणे दुपटीने उलटले. त्या चार दिवसांच्या आरामाने आम्ही भुललो, हे मी येथे नमूद करून ठेवतो. जूनमध्ये पायांवर सूज आली. पैंजण रुतून घोट्याभोवती वळ उठू लागला तेव्हा ते तिच्या आईने पाहिले. आणि लघवीला साबणासारखा फेस येतो, ही गोष्ट मुलीने संकोचापायी तीन आठवडे कोणालाच सांगितली नव्हती, हेही तेव्हाच उघड झाले.

पुण्यातील एका सरकारी रुग्णालयात आम्ही गेलो तेव्हा रांग जिन्यापर्यंत आली होती. आमची पाळी एका तरुण निवासी डॉक्टरबाईंकडे आली. त्या रात्रपाळीहून तशाच थांबल्या असाव्यात, असे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होते. मी कागदांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, हे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून द्याल का? मी तोवर पुढचा पेशंट बघते.” व्हरांड्याच्या फरशीवर बसून मी ते कागद लावले. त्रेचाळीस होते. परक्यांच्या जमिनींच्या, वारसांच्या, बांधांच्या तंट्यांच्या मिसली मी तेहतीस वर्षे पृष्ठांक घालून लावीत आलो होतो, आणि माझ्या स्वतःच्या लेकीचे कागद अकरा महिने एका कापडी पिशवीत कोंबलेले होते; हे त्या फरशीवर माझ्या ध्यानात आले तेव्हा माझे हात काही क्षण थांबले.

डॉक्टरबाईंनी ती मिसल पहिल्या पानापासून वाचली. मधेच त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत, मधेच पान उलटून मागे जात. थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात का, असे त्यांनी विचारले. पडत होती, पण ते आजवर कोणी विचारलेच नव्हते. विजेरी घेऊन त्यांनी टाळू पाहिली. मग मला जवळ बोलावून त्यांनी दाखविले की नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते, तेवढी जागा सोडून तांबडेपणा दोन्ही बाजूंस पसरलेला आहे. नंतर लघवीच्या नमुन्यात एक कागदी पट्टी बुडविली गेली. तिचा पिवळा चौकोन पाहता पाहता हिरवा झाला. ही तपासणी मिनिटाभराची आणि अत्यल्प खर्चाची. कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात होण्याजोगी. तो हिरवा रंग पाहून डॉक्टरबाईंनी मिसलीची पाने मागे उलटली, ११ फेब्रुवारीच्या कागदावरील दोन अधिकचिन्हांवर बोट ठेवले, आणि म्हणाल्या, “हे पाच वेगवेगळे आजार नाहीत, काका. हा एकच आजार आहे, आणि तो पहिल्या कागदापासून आहे.”

त्या आजाराचे नाव ल्युपस. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव योजिले. तो दीर्घकाळ चर्मरोग म्हणूनच ओळखला जात होता, आणि तो त्वचेखाली उतरून सर्वांगात संचार करतो, हे १८७२ मध्ये कापोसी यांनी वर्णिले. म्हणजे एकेक अवयव पाहणाऱ्याला हा रोग चकवितो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला सुमारे दीडशे वर्षे ठाऊक आहे. आम्हाला भेटलेल्या चौघा-पाचांना तिचे स्मरण झाले नाही. शरीराचे रक्षण करावयाची जी यंत्रणा, तीच स्वतःच्या पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू लागते, आणि सांधे, त्वचा, रक्त, फुप्फुसाचे व हृदयाचे वेष्टन, मूत्रपिंड, क्वचित मेंदू, यांपैकी कोठेही दाह उत्पन्न होतो. रुग्णांपैकी दहांत नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतही बहुतेकींना तो ऐन तारुण्यात जडतो.

याचे प्रकार चार मानतात. ते समजून घेणे अगत्याचे आहे, कारण नाव एक असले तरी त्यांची गती निरनिराळी आहे. पहिला सार्वदेहिक, माझ्या मुलीचा हाच. दुसरा केवळ त्वचेपुरता. त्यात चकतीसारखे डाग पडतात, ते डोक्यावर पडले आणि व्रण राहिला तर तेथे केस पुन्हा येत नाहीत, आणि अशांपैकी काहींना पुढे सार्वदेहिक रोगही होतो, सबब ‘नुसते कातडीचे आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. तिसरा औषधजन्य, रक्तदाबावरील हायड्रॅलाझिन, हृदयाच्या ठोक्यांवरील प्रोकेनामाइड आणि क्षयावरील आयसोनायाझिड ही त्याची प्रसिद्ध कारणे, आणि औषध थांबविले की काही आठवड्यांत वा महिन्यांत तो बहुधा ओसरतो. मुलीला चार-पाच महिने आयसोनायाझिड दिलेले असल्यामुळे पुण्यास हाही प्रश्न विचारात घेतला गेला. परंतु तिची लक्षणे औषधाच्या सहा महिने आधीची होती आणि औषधजन्य प्रकारात मूत्रपिंडे सहसा बचावतात, म्हणून तो बाजूस पडला. तारीखवार कागद नसते तर हा निवाडा इतका सोपा झाला नसता. चौथा नवजात अर्भकाचा. आईच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात, बाळाच्या अंगावरील पुरळ काही महिन्यांत जाते, पण क्वचित हृदयाच्या ठोक्यांची वहनव्यवस्था कायमची बिघडते.

रक्ताच्या तपासण्यांत एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धच्या त्या प्रतिपिंडांची तपासणी, ही पहिली. ती सार्वदेहिक ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत होकारार्थी येते. परंतु निरोगी माणसांतही ती कित्येकदा होकारार्थी येते, म्हणून केवळ तिच्यावरून कोणी ल्युपसचा शिक्का मारू नये आणि मारून घेऊही नये. डीएनएविरोधी प्रतिपिंडांचे वाढलेले प्रमाण व सी-३, सी-४ या रक्तातील पूरक घटकांची घट यांनी संशयाला बळकटी येते. मुलीच्या बाबतीत तिन्ही कागद एकाच दिशेने बोलत होते. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला, तेव्हा मूत्रपिंडांच्या ल्युपसचे जे सहा वर्ग करतात, त्यांपैकी चौथा निघाला. सुई टोचण्याच्या भीतीने ही बायोप्सी टाळण्याचा विचार आमच्याही मनात आला होता. तो कोणी करू नये, कारण औषध किती तीव्र द्यावयाचे ते त्या तुकड्यावरून ठरते.

उपचारांची हकीकत थोडक्यात सांगतो. क्षयाचा पुरावा कोठेही न मिळाल्याने ती औषधे बंद झाली. वेदनाशामक गोळ्यांना सक्त मनाई झाली. दाह झालेल्या मूत्रपिंडांवर त्या गोळ्यांचा सात महिने मारा होत राहिला, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. सलग तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या क्रमाने उतरत्या मात्रेत, जोडीला मायकोफेनोलेट, लघवीवाटे जाणारी प्रथिने रोखणारी रक्तदाबाची गोळी, आणि या सर्वांच्या पायाशी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. सायक्लोफॉस्फामाइड हा दुसरा मार्ग होता. पण त्याने बीजकोषांना इजा होण्याचा धोका असतो, हे डॉक्टरबाईंनी माझ्या मुलीला, मला बाहेर बसवून, स्वतंत्रपणे समजावून सांगितले आणि निवड तिच्यावर सोपविली. एका प्रौढ स्त्रीला तिच्या देहाविषयी प्रत्यक्ष विचारले गेले, असे त्या अकरा महिन्यांत प्रथमच घडत होते. अलीकडे बेलिमुमॅब, ॲनिफ्रोलुमॅब अशी नवी औषधेही निघाली आहेत. तूर्त आम्हाला त्यांची गरज पडलेली नाही, आणि त्यांचा खर्च सामान्य पेन्शनीच्या आवाक्यातला नाही.

२०२० च्या मार्चअखेर निराळेच संकट आले. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन उपयोगी पडेल, अशा आशेने ते औषध दुकानांतून दोन दिवसांत नाहीसे झाले. २६ मार्चला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालणारा सरकारी आदेश निघाला, तोवर साठा संपलेला होता. आमच्याकडे नऊ गोळ्या उरल्या होत्या. टाळेबंदीत परवाना काढून मी सोलापुरातील औषधांची दुकाने पालथी घातली. एका वृद्ध दुकानदारांनी चिठ्ठी वाचली, ते आत गेले, आणि त्यांनी अशाच रुग्णांसाठी म्हणून राखून ठेवलेल्या दोन पट्ट्या आणून दिल्या. त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. परंतु आमच्याच आळीतील एका सधन घरात ‘असू द्यावे जवळ’ म्हणून सहा पट्ट्या कपाटात पडल्या होत्या, आणि मागितल्या असता ‘आम्हालाही लागल्या तर?’ असा जबाब मिळाला. त्या घरी ल्युपस कोणालाही नव्हता.

आता ज्यांच्या घरी असा संशय उत्पन्न झाला असेल त्यांच्यासाठी सांगतो.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावा, आणि सर्वांत वर एकच पान ठेवा: कोणते लक्षण कोणत्या महिन्यात सुरू झाले, कोणते औषध कधी सुरू व कधी बंद झाले. चेहऱ्यावरील पुरळ, सुजलेली पेरे, बोटांचा बदललेला रंग यांची छायाचित्रे काढून ठेवा. डॉक्टरांपुढे जाण्याच्या दिवशी पुरळ मावळलेले असते, आणि मग आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही. तरुण स्त्रीचे सांधे सकाळी आखडत असतील आणि सोबत ताप, व्रण, केसगळती किंवा उन्हाने उठणारे पुरळ यांपैकी काहीही असेल, तर लघवीची साधी तपासणी मागून घ्या, आणि तिचा निकाल स्वतः वाचा. संधिवाततज्ज्ञ जवळ नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी वा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. तेथील रांगेचा कंटाळा करू नका.

स्टिरॉइडची गोळी एकाएकी कधीही बंद करू नका. आमच्या मुलीचा चेहरा गोल झाला तेव्हा बघायला येणाऱ्या बायकांनी नाना शेरे मारले, आणि त्या शेऱ्यांना कंटाळून तिने तीन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. चौथ्या दिवशी ओकाऱ्या होऊन ती न्हाणीघरात कोसळली. बाहेरून स्टिरॉइड मिळत असता शरीर स्वतःचे संप्रेरक तयार करण्याचे सोडून देते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच पायरीपायरीने उतरवावी लागते. निनावी पुडीने चार दिवसांत गुण आला, तर आनंद मानू नका. पुण्याच्या डॉक्टरांच्या मते अशा झटपट गुणामागे बहुधा तेच औषध लपविलेले असते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलीग्रॅमपेक्षा अधिक नसावी. ५० किलो वजनाला २५० हा हिशेब आपला आपणही करून पाहावा. ते सुरू झाले की पहिल्या वर्षातच डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी, आणि पाच वर्षांनंतर दरसाल. मूत्रपिंडे अधू असतील तर त्याच्याही आधीपासून. घरात एक महिन्याचा जादा साठा असू द्यावा. एक महिन्याचाच, कारण त्याहून अधिक साठविणारे काय करतात ते मी वर लिहिले आहे. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाच्या लसी त्यांना विचारून घ्याव्यात, जिवंत जंतूंच्या लसी मात्र या औषधांवर असताना टाळाव्यात. ऊन टाळावे, छत्री, पूर्ण बाह्या आणि मलम ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे. विवाहाचा विषय निघाला तर आजार लपवू नये. रोग किमान सहा महिने शांत असताना आणि औषधांत बदल करून घेतल्यावर मातृत्व शक्य असते. मायकोफेनोलेट मात्र गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबवावे लागते. आहार साधा ठेवावा, मीठ कमी करावे, झोप पुरेशी घ्यावी, मन खचू देऊ नये. हे सांगणे सोपे आहे, हे मला कळते.

राहता राहिले ते नामांकित डॉक्टर. निदान झाल्यावर मी त्यांना प्रत्यक्ष भेटलो. त्यांचे पहिले वाक्य, “तुम्ही मला तोंडाचं न् केसांचं सांगितलंच नव्हतं,” असे होते. मी त्यांच्याच हस्ताक्षरातील जानेवारीचा कागद पुढे ठेवला. त्यात तोंडातील व्रणांची नोंद होती. त्यांनी ती वाचली, कागद मला परत केला, आणि बाहेर पेशंट थांबले आहेत असे सांगितले. मला त्यांच्याकडून नुकसानभरपाई नको होती. पुढच्या मुलीचा कागद वाचीन, एवढे वचन हवे होते. तेच मी पत्रात लिहिले, ११ फेब्रुवारीच्या कागदाची नक्कल जोडली, आणि पत्र रजिस्टर पोचपावतीने धाडले.

मुलीची प्रथिने आता मर्यादेत आहेत, शाळा चालू आहे, आणि छत्री घेतल्यावाचून ती उंबरा ओलांडीत नाही. पत्राचे उत्तर आलेले नाही. पोचपावती मात्र आठव्या दिवशी आली. तिच्यावर तीच आद्याक्षरी सही आहे. ती मी मिसलीत लावून टाकली आहे. सही झालेला कागद वाचला गेला, असे यापुढे कोणी गृहीत धरू नये. समोर बसून, बोट ठेवून, “यात काय लिहिले आहे ते मला सांगा,” असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.